प्रादेशिक वाहतूक नियोजन व स्थानिक परिवहन संस्था : सोलापूर

एखादे शहर, त्याच्या भोवतालची गावे व त्याच्याशी दैनंदिन व्यवहाराने जोडलेली लहानमोठी नगरे यांचा एकत्रित विचार करून रस्ते, लोहमार्ग, बससेवा, स्थानके, वाहनतळ इत्यादींच्या भावी विकासाची आखणी करण्याच्या प्रक्रियेस प्रादेशिक वाहतूक नियोजन असे म्हणतात. या प्रक्रियेत प्रत्यक्ष प्रवासी वाहून नेणाऱ्या सार्वजनिक संस्थांना, म्हणजे नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमांना, राज्य मार्ग परिवहन महामंडळास व रेल्वेस, कोणते स्थान असावे हा नियोजनशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. रस्ता बांधणारी संस्था एक, जमिनीचा वापर ठरविणारी दुसरी, बसगाडी चालविणारी तिसरी व परवाना देणारी चौथी, अशी विभागणी बहुतेक देशांत आढळते. या संस्था परस्परांपासून अलग राहून निर्णय घेऊ लागल्यास वसाहत उभी राहते पण तेथे बस पोहोचत नाही, रस्ता रुंद होतो पण त्यावर थांब्यास जागा राहत नाही, असे विसंगत परिणाम घडून येतात. महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांपैकी सोलापूर हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण होय.

प्रादेशिक स्थान : सोलापूर जिल्हा राज्याच्या आग्नेय भागात असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौ. किमी. व लोकसंख्या ४३,१७,७५६ (२०११) आहे. सोलापूर शहराची लोकसंख्या त्याच गणनेनुसार ९,५१,५५८ होती. पुणे–हैदराबाद व धुळे–सोलापूर–विजयपूर हे राष्ट्रीय महामार्ग येथे एकत्र येतात. मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील हे एक प्रमुख स्थानक असून मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचे मुख्यालयही येथेच आहे. जिल्ह्यास दक्षिणेस व पूर्वेस कर्नाटक राज्याची सीमा लागून असल्याने मराठी, कन्नड व तेलुगू भाषिकांची येथे सतत ये-जा असते. पंढरपूर व अक्कलकोट ही जिल्ह्यातील आणि तुळजापूर हे लगतच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील, अशा तीन तीर्थक्षेत्रांच्या मध्यभागी हे शहर असल्यामुळे येथील प्रवासी वाहतुकीस कामगार, विद्यार्थी, शेतकरी व यात्रेकरू असे चार स्वतंत्र प्रवाह लाभले आहेत. त्यांच्या वेळा, अंतरे व देय भाड्याची कुवत भिन्न आहे.

ऐतिहासिक आढावा : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला व पुढे १८७१ मध्ये तो रायचूरपर्यंत पूर्ण झाला. लोहमार्गामुळे कापसाची व सुताची बाजारपेठ वाढली आणि १८७७ पासून येथे कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. मुख्य लोहमार्गास ग्रामीण भाग जोडण्यासाठी कुर्डूवाडी (तत्कालीन बार्सी रोड) येथून बार्शीपर्यंत बार्सी लाइट रेल्वे हा अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. तो १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरज येथपर्यंत पोहोचला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही रेल्वे म्हणजे मुख्य मार्ग व पूरक मार्ग यांची सांगड घालण्याचा या भागातील पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. १९५४ मध्ये शासनाने ती ताब्यात घेतली व पुढे तिचे रुंदमापीत रूपांतर करण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर खाजगी मोटारगाड्या रेल्वेशी स्पर्धा करू लागल्या. हा प्रश्न सर्व देशभर निर्माण झाल्याने मिचेल व कर्कनेस यांनी १९३३ मध्ये रस्ते व रेल्वे यांच्या स्पर्धेविषयी अहवाल सादर केला आणि १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने परवाना पद्धती व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण केली. परिवहनाच्या निरनिराळ्या साधनांत समन्वय असावा, हे तत्त्व तेव्हापासून कायद्यात आले. मात्र समन्वय म्हणजे प्रामुख्याने स्पर्धेचे नियंत्रण असाच त्याचा अर्थ दीर्घकाळ घेतला गेला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. सोलापूर नगरपालिकेचे १ मे १९६४ रोजी महानगरपालिकेत रूपांतर झाले. अशा रीतीने शहराची बससेवा महानगरपालिकेकडे व शहराबाहेरील सेवा राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे, अशी विभागणी रूढ झाली. शहराची सीमा व दैनंदिन प्रवासाची सीमा एकच होती, गिरणीकामगार गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर राहत होता, तोवर या विभागणीने मोठी अडचण निर्माण केली नाही.

परिवहन संस्था : सोलापूर परिसरात चार प्रकारच्या सेवा कार्य करतात. (१) सोलापूर महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम हा शहर बससेवा चालवितो. महानगरपालिका अधिनियमानुसार उपक्रमास परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक व स्वतंत्र परिवहन निधी असतो. परंतु तूट आल्यास ती अखेरीस महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावरच पडते. (२) महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सोलापूर विभागात सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, कुर्डूवाडी, सांगोला, मंगळवेढे, अकलूज इ. ठिकाणी आगारे आहेत. (३) रेल्वे ही केंद्र शासनाच्या अखत्यारीत असून तिच्या विभागाच्या सीमा जिल्ह्याच्या वा राज्याच्या सीमांशी जुळत नाहीत. सोलापूर विभाग कर्नाटकातील कलबुर्गी व वाडीपर्यंत पसरला आहे. (४) ऑटोरिक्षा व सामायिक भाड्याने चालणारी खाजगी वाहने. यांपैकी परवान्याच्या अटींबाहेर प्रवासी भरून चालणाऱ्या जीप व तत्सम वाहनांस दक्षिण महाराष्ट्रात ‘वडाप’ असे म्हणतात. नियोजनाच्या कागदपत्रांत वडापास स्थान नसते. तथापि जेथे बस नाही वा ती वेळेवर येत नाही, तेथे प्रवासी त्यावरच अवलंबून असतो. वडाप कोठून कोठे चालते हे पाहिल्यास सार्वजनिक सेवेतील उणिवा कोठे आहेत, याचा नकाशाच हाती येतो.

यांखेरीज कर्नाटकाच्या मार्ग परिवहन महामंडळांच्या गाड्याही सोलापूर बसस्थानकात येतात. आंतरराज्य मार्ग व फेऱ्यांची संख्या ही दोन राज्यांमधील परस्पर करारांनी ठरते. त्यामुळे सीमेवरील गावांच्या सोयीचा निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर घेता येत नाही.

कायदेशीर चौकट : स्थानिक परिवहन संस्थांना नियोजनात सहभागी करून घेण्यास उपयोगी पडतील अशा तरतुदी निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० नुसार महामंडळ स्थापताना रस्ता वाहतुकीचा इतर प्रकारच्या वाहतुकीशी समन्वय साधण्याची इष्टता विचारात घ्यावयाची असते, आणि कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसमन्वित सेवा पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य मानले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘राज्य परिवहन उपक्रम’ या संज्ञेत महामंडळांबरोबरच महानगरपालिकांच्या उपक्रमांचाही समावेश होतो. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण परवाने देते. तथापि मार्गांचे जाळे आखणे हे त्याचे मुख्य कार्य नव्हे. त्याच्यापुढे येतात ते स्वतंत्र अर्ज.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार राज्य शासन प्रदेश निश्चित करून प्रादेशिक नियोजन मंडळ नेमू शकते. मंडळावर स्थानिक प्राधिकरणांचे प्रतिनिधी व विषयाचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्ती असतात. प्रादेशिक योजनेत रस्ते, महामार्ग, लोहमार्ग, जलमार्ग, विमानतळ इ. वाहतूक व दळणवळणाच्या साधनांचा व त्यांच्या भावी विकासाचा समावेश करता येतो. या यादीत मार्गांचा उल्लेख आहे. त्या मार्गांवर चालणाऱ्या सेवेचा उल्लेख मात्र स्वतंत्रपणे नाही. परिणामी योजनेच्या नकाशावर रस्त्याची रुंदी ठरते, पण त्यावरून किती बसगाड्या जातील व त्यांचे आगार कोठे असेल, हे ठरविण्याचे बंधन राहत नाही.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जिल्हा नियोजन समिती व महानगर नियोजन समिती अशा दोन घटनात्मक समित्या निर्माण केल्या. महानगर नियोजन समितीत आवश्यक वाटणाऱ्या संघटना व संस्थांना प्रतिनिधित्व देण्याची स्पष्ट तरतूद आहे. परंतु ही समिती दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी असते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाची शिफारस दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच केली. २०११ च्या गणनेत सोलापूर शहर या मर्यादेपासून पन्नास हजारांहूनही कमी अंतरावर राहिले. महानगराचे प्रश्न आहेत पण महानगराची यंत्रणा नाही, अशी त्याची अवस्था झाली. उरते ती जिल्हा नियोजन समिती. नागरी व ग्रामीण संस्थांच्या सामायिक हिताच्या बाबी, अवकाशीय नियोजन व पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास हे तिचे विषय असून, राज्यपालांनी निर्दिष्ट केलेल्या संस्था व संघटनांशी विचारविनिमय करण्याची तरतूद तिलाही लागू आहे. या तरतुदीचा आधार घेऊन परिवहन संस्थांना नियोजनात आणता येणे शक्य आहे. प्रत्यक्षात या समित्यांचा बराचसा वेळ वार्षिक निधीच्या वाटपात खर्च होतो.

हद्दीचा प्रश्न : १९९२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेची हद्दवाढ होऊन तिचे क्षेत्र सुमारे ३३ चौ. किमी.वरून सुमारे १७८ चौ. किमी. झाले. क्षेत्र पाचपटींहून अधिक वाढले, पण नव्या भागातील वस्ती विरळ व विखुरलेली होती. अशा भागात प्रत्येक फेरीस मिळणारे उत्पन्न कमी व धावेचे अंतर मात्र अधिक असते. हद्दवाढीचा निर्णय करआकारणी व नागरी सोयींच्या दृष्टीने घेतला गेला, तरी त्याचा कायमचा भार शहर बससेवेवरही पडला.

शहराची वाढ हद्दवाढीनेही थांबली नाही. पुणे रस्त्यावरील केगाव येथे विद्यापीठ (स्थापना २००४, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ), त्याच रस्त्यावर मोहोळ तालुक्यातील चिंचोळी येथे औद्योगिक वसाहत व दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे औष्णिक विद्युत् केंद्र अशी प्रवासाची नवी केंद्रे निर्माण झाली.

सर्वांत लक्षणीय उदाहरण कुंभारी गावाचे आहे. सोलापुरात विडी वळण्याच्या धंद्यात फार मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात. पाने व तंबाखू घेऊन येणे आणि वळलेल्या विड्या नेऊन देणे, यांसाठी त्यांना घर व कारखान्याची शाखा यांमध्ये वारंवार जा-ये करावी लागते. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली व १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वितरण झाले. त्यानंतर याच परिसरात रे नगर ही असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना हाती घेण्यात आली. त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, बांधकाम मजूर इत्यादींचा त्यांत समावेश होतो.

या वसाहती अक्कलकोट रस्त्याच्या बाजूस, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. शहरात घरासाठी जमीन परवडत नाही म्हणून कामगार शहराबाहेर गेला. पण त्याचा रोजगार, मुलांचे माध्यमिक शिक्षण व रुग्णालय शहरातच राहिले. अशा कुटुंबाचे घर स्वस्त झाले, तरी प्रवासाचा खर्च त्याच्या मासिक अंदाजपत्रकात नव्याने शिरतो. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीला भाड्याचे काही रुपये व वाट पाहण्यात गेलेला एक तास यांचा हिशेब टाळता येत नाही. विडीचे वेतन नगावर मिळत असल्याने गेलेला तास म्हणजे गेलेली मजुरीच होय. हद्दीबाहेरील प्रवासी वाहतूक राज्यात मुख्यत्वे महामंडळाचे क्षेत्र मानली जाते, तर अशा अल्प अंतराच्या, वारंवार फेऱ्यांच्या व थांब्याथांब्यावर थांबणाऱ्या सेवेची घडण शहर बसची असते. वसाहतीच्या आराखड्यात पाणी, वीज व रस्ते यांची तरतूद ज्याप्रमाणे घरांच्या आधी करावी लागते, त्याप्रमाणेच बससेवेचीही करावी, ही सहभागी नियोजनामागील मूळ कल्पना होय.

उपक्रमाची स्थिती : नियोजनात सहभागी होण्यासाठी संस्था प्रथम सक्षम असावी लागते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००९ च्या सेवा निर्देशांकांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०·६ वा अधिक बसगाड्या असणे ही उत्तम, तर ०·२ हून कमी असणे ही सर्वांत निकृष्ट श्रेणी आहे. २०११ च्या लोकसंख्येस हे प्रमाण लावल्यास सोलापूरला उत्तम श्रेणीसाठी सुमारे ५७० गाड्या हव्यात आणि १९० पेक्षा कमी गाड्या असल्यास शहर शेवटच्या श्रेणीत येते. उपक्रमाच्या मार्गावरील गाड्यांची संख्या या किमान मर्यादेहूनही बरीच कमी राहिली आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या उत्तरार्धात शहरास नव्या गाड्या मिळाल्या. परंतु त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या सांगाड्यास तडे गेल्याने त्या मार्गावरून काढाव्या लागल्या व नव्या ताफ्याचा लाभ अल्पकालीन ठरला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने १६९ शहरांसाठी दहा हजार विद्युत् बसगाड्यांची पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली व तीतही सोलापूरचा समावेश झाला. गाड्या मिळविणे हा या प्रश्नाचा एक भाग आहे. त्या कोणत्या मार्गावर, कोणाच्या हद्दीत व कोणाच्या तुटीवर चालवावयाच्या, हा दुसरा व अधिक कठीण भाग होय.

भाडेसवलतींतील विसंगती हाही समन्वयाच्या अभावाचाच एक परिणाम आहे. राज्य परिवहनाच्या गाड्यांत ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत व स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो व या सवलतींची भरपाई राज्य शासन महामंडळास करते. महानगरपालिकेच्या उपक्रमाने सवलत दिल्यास तिचा भार सामान्यतः महानगरपालिकेवरच येतो. एकाच रस्त्यावर दोन सार्वजनिक सेवा निरनिराळ्या भाड्याने चालल्यास प्रवासी सेवेच्या सोयीपेक्षा सवलतीकडे पाहून गाडी निवडतो व दुर्बल संस्था अधिक दुर्बल होते.

यात्राकालीन समन्वय : समन्वय अशक्य आहे, असे मात्र नाही. पंढरपूरच्या आषाढी यात्रेत जिल्हा प्रशासन, पोलीस, नगरपरिषद, राज्य परिवहन व रेल्वे यांच्या बैठका महिनोन् महिने आधी सुरू होतात. राज्यभरातील आगारांतून जादा गाड्या आणल्या जातात, पंढरपूरबाहेर तात्पुरती बसस्थानके उभारतात, रेल्वे विशेष गाड्या सोडते व पालख्यांच्या मार्गानुसार इतर वाहतूक वळविली जाते. येथे रस्ता अडविणारा व गाडी चालविणारा एकाच टेबलाशी बसतो आणि प्रत्येक संस्थेची जबाबदारी लेखी ठरते. सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही लहान प्रमाणावर हेच घडते. मात्र ही व्यवस्था तात्पुरती असते. यात्रा संपली की गाड्या आपापल्या आगारांत परततात व बैठकाही थांबतात. वर्षातील काही दिवस जे साधते ते वर्षभर साधण्यासाठी कायम स्वरूपाची यंत्रणा लागते.

अन्यत्र झालेले प्रयोग : पुणे व पिंपरी–चिंचवड महानगरपालिकांचे स्वतंत्र परिवहन उपक्रम २००७ मध्ये एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी स्थापन करण्यात आली. त्यामुळे दोन शहरांमधील हद्दीचा अडसर दूर झाला व लगतच्या ग्रामीण भागातही सेवा विस्तारली. तूट वाटून घेण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. तमिळनाडूने चेन्नईसाठी एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा २०१० मध्ये केला.

परदेशांत लंडनच्या प्रवासी वाहतूक मंडळाने (१९३३) बस, ट्राम व भुयारी रेल्वे एका छत्राखाली आणल्या. ब्रिटनच्या १९६८ च्या परिवहन अधिनियमाने मोठ्या नागरी प्रदेशांसाठी प्रवासी परिवहन प्राधिकरणे निर्माण केली. जर्मनीत हँबर्ग येथे १९६५ मध्ये निरनिराळ्या वाहतूक संस्थांचा संघ स्थापन झाला. त्यात प्रत्येक संस्थेची मालकी कायम ठेवून वेळापत्रक व तिकीट मात्र समान करण्यात आले. अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांसाठी सातत्यपूर्ण, सर्वंकष व सहकारी नियोजन ही अट घातली. पुढे २०१२ च्या कायद्याने दोन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांतील महानगर नियोजन संस्थांच्या मंडळांवर सार्वजनिक वाहतूक पुरविणाऱ्यांचे प्रतिनिधित्व आवश्यक ठरविले. भारतातील दहा लाखांची मर्यादा व अमेरिकेतील दोन लाखांची मर्यादा यांची तुलना केल्यास मध्यम शहरे आपल्याकडे यंत्रणेबाहेर कशी राहतात, हे स्पष्ट होते.

सहभागाचे स्वरूप : परिवहन संस्थेचा सहभाग म्हणजे केवळ बैठकीस उपस्थिती नव्हे. तिकीटविक्रीवरून कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळी किती प्रवासी चढतात ही माहिती तिच्याकडेच असते. वाहक व चालक यांना रस्त्यावरील अडथळे, वळणाची अपुरी जागा व मोडके थांबे यांचा रोजचा अनुभव असतो. ही माहिती आराखड्याच्या आरंभी उपलब्ध झाल्यास आगार व स्थानक यांसाठी जमीन राखून ठेवणे, नव्या वसाहतींचे मुख्य रस्ते बस वळेल इतके रुंद ठेवणे, रेल्वेच्या वेळांशी शहर बसच्या वेळा जुळविणे, हद्दीबाहेरील मार्गांची तूट संबंधित संस्थांनी ठरावीक प्रमाणात वाटून घेणे व दोन्ही सेवांत चालणारा सामायिक पास काढणे, या गोष्टी शक्य होतात. आराखडा पूर्ण झाल्यावर केवळ हरकती व सूचना मागविल्यास यांपैकी फारच थोड्या गोष्टी साधतात. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किमी. लांबीचा नियोजित लोहमार्ग या दृष्टीने कसोटीचा ठरेल. नव्या स्थानकांपासून मंदिर, बाजार व गावे यांपर्यंत कोण नेणार, हे लोहमार्गाबरोबरच ठरल्यास त्याचा पूर्ण लाभ मिळेल.

या सहभागास काही मर्यादाही आहेत. परिवहन संस्था स्वतःच्या चालू मार्गांचे व उत्पन्नाचे रक्षण करण्याकडे झुकते. नव्या प्रकारच्या सेवेस ती विरोध करण्याचा संभव असतो. सभासद वाढल्याने निर्णयास विलंब लागतो. जिच्याकडे नियोजनाचे प्रशिक्षित कर्मचारी नाहीत, ती संस्था चर्चेत नाममात्र राहते. म्हणून प्रतिनिधित्वाबरोबरच तांत्रिक साहाय्य व निश्चित निधी यांचीही आवश्यकता असते.

गिरण्यांच्या काळातील सोलापूर पायी चालून ओलांडता येण्याजोगे होते. गिरण्या बंद पडल्या, वस्त्या दूर गेल्या व शहर आपल्या हद्दीपलीकडे पसरले. दुचाकी हा या पसरणीवर लोकांनी आपापल्या परीने शोधलेला उपाय आहे. पण ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी बसखेरीज पर्याय नाही. बस चालविणाऱ्या संस्थेला आराखड्याच्या पहिल्या पानापासून स्थान देणे, याचा व्यावहारिक अर्थ शेवटी अशा प्रवाशाला स्थान देणे असाच होतो.